आजीला आठ, आईला दोन, मला एक – मग धडधाकट नक्की कोण?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे चार माणसं जमली की विषय निघतोच, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." असलं म्हणजे थायरॉईड, शुगर, सिझर, आयव्हीएफ, मुलांना चष्मे, सगळं आलं त्यात. आणि पुरावा म्हणून कायम माझी आजी दाखवतात. आजी (आईची आई) माण तालुक्यातली, आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९४०, कारण ती शाळेतच गेलेली नाही, ऑपरेटरने वय विचारलं आणि टाकली तारीख. आजोबांची १ जून, ती गुरुजींनी टाकलेली, अख्ख्या वर्गाचीच तीच असणार. तर आजीचं लग्न पंधराव्या वर्षी, आठ बाळंतपणं सगळी घरात, जगली पाच. आजही बीपीची गोळी नाही, चष्मा नाही, स्वतःचं स्वतः करते.

आई १९६४ ची, दहावी झाली मग डीएड केलं, शिक्षिका होती, आम्ही दोघं झालो आणि लगेच ऑपरेशन. पन्नाशीला शुगर निघाली, आता गुडघे. मी १९९१ ची, इंजिनियर, पुण्यात, लग्न एकोणतिसाव्या वर्षी, एकच मुलगी, तीही सिझर, गरोदरपणात शुगर वाढलेली आणि थायरॉईड तर आधीपासूनच. म्हणजे बघा शिक्षण वाढत गेलं, मुलं कमी होत गेली आणि गोळ्या वाढत गेल्या. मामा म्हणतो ज्वारीची भाकरी आणि कष्ट, संपला विषय. मला ते पटत नाही पण खोडताही येत नाही, कारण आजी समोर बसलेली असते!

तुमच्या घरी काय चित्र आहे? जन्मसालाप्रमाणे सांगितलंत तर बरं, नुसतं "पूर्वी" म्हटलं की पूर्वी म्हणजे कधी ते कळत नाही.

---

वाघ्या_९६

मोबाईल, मैदा आणि आळस. विषय क्लोज.

---

सिस्टरबाई_जालना

माणदेशी ताई, मी एएनएम (गावोगाव फिरणारी सरकारी नर्स) होते, १९८४ ला लागले, आता रिटायर. उपकेंद्र, सायकल, नंतर एसटी आणि पायी. तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा की आठातली तीन कशाने गेली.

मी लागले तेव्हा आमच्या भागात बाळंतपण म्हणजे घरात, सुईण नाहीतर सासू. नाळ कापायला विळा, नाहीतर घरातलं दाढीचं जुनं ब्लेड, काही ठिकाणी धारदार चिपाड सुद्धा मी बघितलंय. वरून राख लावायची. बाळ चार दिवस छान दूध ओढायचं आणि मग एकदम ओढेना, जबडा बसायचा, हात लावला की अंग ताठ व्हायचं. धनुर्वात. घरचे म्हणायचे पाचवीला सटवाईने लिहून ठेवलं होतं तेवढंच आयुष्य. मी भांडायची नाही, गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायची आणि सुईणीला किट द्यायची, त्यात साबण, नवीन ब्लेड, स्वच्छ दोरा. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ, हे एवढंच पाठ करून घ्यायचं. त्याच सुईणी पुढे माझ्या सगळ्यात चांगल्या मदतनीस झाल्या, त्यांच्याशिवाय मला कुणी घरात घेतलं नसतं. २०१५ मध्ये देशातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात संपल्याचं जाहीर झालं तेव्हा मी टीव्हीसमोर रडलेय, खोटं नाही सांगत.

आता धडधाकट म्हाताऱ्यांचं. गोळी नाही म्हणजे बीपी नाही असं नसतं ताई, मोजलंय का कधी? आम्ही नंतर तपासणी शिबिरं घ्यायला लागलो तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या "मला काय झालंय" म्हणत बसायच्या आणि वरचं दोनशेच्या घरात निघायचं. आणि एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कुणाला अवघड वाटलं तर वाटू दे. सात-आठ बाळंतपणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाण्याला जायचं, त्यातून अंग (गर्भाशय) बाहेर येणं हे त्या पिढीत इतकं होतं की विचारू नका, आणि बायका चिंध्या बांधून वर्षानुवर्षं शेतात राबायच्या. नवऱ्याला सांगायच्या नाहीत, मुलांना तर प्रश्नच नाही. मला सुद्धा पाच-सहा भेटीनंतर, तेही चुलीपाशी, नातसून बाहेर गेली की हळूच सांगायच्या. म्हणून त्या पिढीला आजार नव्हते असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

कुटुंब लहान झालं त्याचं श्रेय सगळं शिक्षणाला देऊ नका मात्र. आमच्यावर नसबंदीच्या ऑपरेशनचा लक्ष्यांक असायचा, मार्च जवळ आला की "केसेस किती झाल्या" हाच एक प्रश्न. शाळेच्या खोल्यांत शिबिर, जमिनीवर सतरंज्या, एका रांगेत बायका. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीचा जो धाक बसला त्याने पुरुष जे पळाले ते आजपर्यंत आलेच नाहीत, सगळा भार बाईवर. १९९६ ला टार्गेट बंद झालं, कागदावर. पण शाळा शिकलेली बाई वेगळी असते हेही खरंच, ती स्वतः येऊन विचारायची "तांबी बसवू का आत्ता, दुसरं तीन वर्षांनी पाहिजे." न शिकलेली यायची ती सासूने आणली तर, आणि मुलगा झाल्यावरच. तुमच्या आईसारख्या, दहावी-डीएड झालेल्या, त्या पिढीनं खरं पान उलटलं.

---

आकडेमोड

सिस्टरबाई, तुमच्या पोस्टनंतर आकडे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

मामा जे करतायत त्याला आमच्याकडे म्हणतात वाचलेल्यांकडे बघून सगळ्यांचा अंदाज बांधणं. १९४० च्या सुमाराला जन्मलेल्यांपैकी जे काटक होते तेच आज ८५ चे आहेत, बाकीचे कट्ट्यावर वाद घालायला उरलेलेच नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आता ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा माणसं बत्तिसाव्या वर्षी टपकायची असा नाही, पोरंच इतकी जायची की सरासरी खाली यायची. १९७१ मध्ये देशात हजारी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये २८, महाराष्ट्रात १६. आजीची आठातली तीन गेली हे तेव्हा काही जगावेगळं नव्हतं.

मुलांचं म्हणाल तर १९५० च्या आसपास देशात बाईमागे साधारण सहा मुलं. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था करते ती) पावणेतीनच्या थोडं वर, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. म्हणजे दोघांमागे दोनही नाहीत. माणदेशी ताईंचं घर म्हणजे या तक्त्याची झेरॉक्स आहे. शिक्षणाचंही तसंच, १९५१ ला देशात शंभरात नऊ बायकाही साक्षर नव्हत्या, २०११ ला पासष्ट.

आता एक खोच. पिढ्यांची तुलना करताना वय, काळ आणि जन्मसाल या तिन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात. आईची शुगर पन्नाशीला "निघाली" ती २०१४ मध्ये, कारण तेव्हा गल्लीत लॅब होती. आजी पन्नाशीला होती १९९० मध्ये, तेव्हा माणमध्ये कोण शुगर तपासत होतं? त्यामुळे आज ८५ ची आजी आणि आज साठीची आई शेजारी बसवून काही सिद्ध होत नाही, पन्नाशीतली आजी आणि पन्नाशीतली आई शेजारी बसवता आली पाहिजे. ते बहुतेक घरांत करताच येत नाही कारण आजीची फाईलच नाही. तरीही मामांचं शंभर टक्के चूक नाही, शुगर खरोखर वाढलीय, ती नुसती तपासण्या वाढल्यामुळे नाही.

---

पथ्यपाणी

शुगरचा मुद्दा निघालाय म्हणून लिहिते, मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केलाय, मुलं मोठी होईपर्यंत. तिथली बाळं जन्मताना पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीनची. पण कमी काय होतं तर स्नायू, उंची, पोटातले अवयव. चरबी मात्र त्या मानाने जपून ठेवलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं बाळ. त्यांचा स्वतःचा एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण एकाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. मी क्लिनिकमध्ये बारीक लोकांना तोच दाखवते, "मी कुठे जाड आहे, मला कशी शुगर" म्हणणाऱ्यांना.

आता तुमच्या घरी लावून बघा. आजीला आयुष्यभर कमीच मिळालं आणि काम भरपूर, हिशोब जुळून गेला. आई जन्मली अशा आजीच्या पोटी, म्हणजे शरीर टंचाईसाठी तयार झालेलं, आठ वर्षांची असताना ७२ चा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी, आणि मग पंचविशीनंतर पगार, गॅस, साखर, तेल, बसून काम. टंचाईसाठी बांधलेल्या शरीरावर सुबत्ता येऊन आदळली. हे आपल्याकडेच नाही, हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा जी पोटात होती त्यांच्यातही पुढे साखरेचा त्रास जास्त दिसला. त्यामुळे मामांना सांगा भाकरी चांगलीच आहे पण आईने भाकरी सोडली म्हणून शुगर झाली असं नाही, आजीला पोटभर भाकरी मिळाली नाही हेही त्याचं एक कारण आहे.

आणि "शाकाहारी घर" असेल तर बी१२ तपासून घ्या, मुलीचंही पुढे वयात येताना. याज्ञिकांच्या गटाने त्यावर बरंच काम केलंय.

---

सोलापुरी_चादर

मस्त धागा. आमच्यातल्या पुरुषांचं सांगतो. आजोबा चौथी, वडील १९५६ चे, जुनी अकरावी मॅट्रिक वाल्यांची शेवटची फळी, १९७५ पासून दहावीचा पॅटर्न आला ना. रयतच्या होस्टेलवर राहून, कमवा आणि शिका करत, सकाळी बागेला पाणी घालून शिकले आणि बँकेत चिकटले. एका पगारावर तीन भावांचं शिक्षण, दोन बहिणींची लग्नं. मी १९८५ चा, वसंतदादांनी ८३ ला खाजगी इंजिनियरिंग कॉलेजं उघडून दिली ती माझ्या वेळेपर्यंत गल्लोगल्ली झालेली, घेतली डिग्री. माझा चुलतभाऊ १९९७ चा, त्याचीही डिग्री आहे, पण नोकरी नाही, सात एकर डाळिंब आहे आणि मुलगी कुणी देत नाही.

हे पण पिढीचंच आहे बरं का. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. ती मुलं आता लग्नाची झालीत. वर शिकलेल्या मुलीला शेतकरी नको, आणि तिचं काय चुकलं? डिसेंबर २०२२ ला आमच्या सोलापुरात पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा घेऊन गेली होती, बायको द्या म्हणून. लोक हसले. मी पण हसलो, आणि मग आठवलं की भाऊ त्याच वयाचा आहे. गर्भलिंग तपासणीवर पहिला कायदा देशात महाराष्ट्रानेच केला, १९८८ ला, आणि आकडा बघा तरी कुठे गेला.

---

माणदेशी_लेक

सोलापुरी दादा, आमच्या साताऱ्यात २०११ ला नकुशी नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती, अडीचशेच्या वर मुली होत्या. माझ्या वर्गातही एक होती. आम्हाला ते नाव आहे असंच वाटायचं, अर्थ डोक्यातच यायचा नाही.

---

ऊसाचं_पाचट

सगळं वाचलं. छान चाललंय तुमचं, आजी अडाणी, आई शिक्षिका, लेक इंजिनियर. पण ही शिडी सगळ्या घरात नाही लावलेली.

मी बीडचा. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते, मी होस्टेलवर राहिल्यामुळे सुटलो आणि आता शाळेवर आहे. दिवाळी झाली की माझा वर्ग निम्मा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. लहान पोरं बरोबर जातात, हंगामी वसतिगृहं आहेत पण सगळी पोरं तिथं थांबत नाहीत, थोरल्या पोरीला धाकटी सांभाळायला कोप्यावर (तिथल्या झोपडीवर) न्यायचीच असती. आणि पोरगी तेरा-चौदाची झाली की आईबापाला घोर, गावात म्हातारीजवळ ठेवावी तर भीती, फडावर न्यावी तर भीती, मग लग्नच लावून टाकतात, लग्न झालं की अजून एक कोयता तयार. कायद्यानं १८ आहे हो, १९७८ पासून आहे. तरी २०१९-२१ च्या त्याच पाहणीत राज्यातल्या २० ते २४ च्या बायकांत शंभरात बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. त्यात आमच्याकडच्या किती असतील तुम्हीच बघा.

म्हणजे माझ्या वर्गातली २०१० ला जन्मलेली पोरगी आणि माणदेशी ताईंची १९४० ची आजी यांचं लग्नाचं वय जवळपास एकच. फरक एवढा की हिचं बाळंतपण दवाखान्यात होतं, बाळ बहुतेक वाचतं, दोन लेकरं झाली की ऑपरेशन, आणि मग तिशीत "पिशवी खराब झाली" म्हणून ती पण काढतात. २०१९ ला पेपरात लई आलं होतं, समिती बसली. पाळीच्या दिवसात खाडा झाला की पैसे कापतात, दवाखान्यात कुणी भीती घातली की बाई म्हणते काढून टाका कटकट. पस्तीशीत कंबर गेलेली, हाडं दुखतात. ती आजीच्या पिढीत घालायची का ताईंच्या?

---

आकडेमोड

पाचट सर, हे बरोबर पकडलंत. सरासरीत ही मुलगी आणि पुण्यातली एकोणतिसाव्या वर्षी लग्न करणारी दोघी मिळून "बाविसाव्या वर्षी लग्न" अशा दिसतात आणि बाविसाव्या वर्षी लग्न दोघींपैकी कुणीच केलेलं नसतं. नुसत्या जन्मसालाने कापून भागत नाही, त्याच सालात जमीन किती, आई किती शिकली, असं पुन्हा कापावं लागतं. त्यातही आईचं शिक्षण सगळ्यात जास्त फरक पाडतं, मुलांची संख्या असो, बाळ जगणं असो, लसी असोत.

---

वाघ्या_९६

एवढं मोठं कोण वाचणार. पण माझी पणजी पण कोयत्यावर होती हे आज आईला विचारल्यावर कळलं.

---

सिस्टरबाई_जालना

पाचट सर, तुमच्या वर्गातल्या मुलींना पाळीबद्दल कुणी बोलतं का शाळेत? तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवा, दिवाळीच्या आत बोलवा, नंतर मुली जातात. गर्भाशय काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, सरकारी दवाखान्यात दाखवायचं, एवढं एक वाक्य त्यांच्या आयांपर्यंत पोचलं तरी चालेल.

---

ऊसाचं_पाचट

बोलावतो ताई. मुकादमांच्या गाड्या लागायच्या आधी.

---

माणदेशी_लेक

सगळ्यांना थँक्यू, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सिस्टरबाईंचं वाचून आजीला फोन केला. बीपीचं म्हणाली "एकदा शिबिरात बघितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, कडू होत्या म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवल्या." म्हणजे मामांचा पुरावा इथेच निकालात! मावशीला सांगितलंय, या आठवड्यात मोजून घेतील. तीन मुलांचं विचारलं तर एक पाचव्या दिवशी, एक गोवरात, आणि एक ७३ ला, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची तेव्हाचं, ते दिवस भरायच्या आधीच झालं. मधलीच्या दंडावर देवीची लस टोचली होती, गोवराची तेव्हा नव्हतीच आमच्याकडे. आईला यातल्या एकाचंच माहीत होतं.

अंग बाहेर येण्याचं फोनवर विचारायचं धाडस नाही झालं, गावी गेल्यावर बघू.

अजून एक, आजीचं खरं जन्मसाल शोधायची काही सोय आहे का? ती म्हणते मोठ्या तापाच्या साथीनंतर दोन वर्षांनी, पण कुठली साथ ते तिलाही माहीत नाही. शाळेचा दाखला तर नाहीच.

---

अण्णा_जुना_तलाठी

ताई, कोतवाल बुक बघा, गाव नमुना १४. जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल सांगायचा आणि लिहिली जायची, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मिळते. गाव आजीच्या माहेरचं धरायचं आणि नाव तिच्या वडिलांचं, कारण त्यात बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, अमक्याला मुलगी झाली एवढंच असतं. म्हणून १९३७ ते ४३ अशी सगळी वर्षं मागा आणि त्यांना मुली किती झाल्या ते बघून थोरल्या-धाकट्या बहिणींवरून जुळवा. काही पानं मोडीत असतील, हल्ली कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे सापडतात. माहेर आटपाडीकडचं असेल तर तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता, मग रेकॉर्ड माणला शोधून उपयोग नाही. आणि आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून न्या, ज्याने लिहिलं त्याने ऐकू आलं तसं लिहिलंय.